हरभऱ्यात नेट येईना

आमच्या पुनावळ्याच्या घरमालकांच्या मते या सृष्टीत बिघाड एकाच प्रकारचा होतो. हवा धरते. बस्स. मोटार पाणी ओढत नाही, हवा धरलीय. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर अडकली, हवा धरलीय. सूनबाई माहेरून परत यायचं नाव घेईनात, तिथंही हवाच धरलीय. एकदा तळमजल्यावरचा एक भाडेकरू छातीत दुखतंय म्हणून जिन्यात बसला, तर मालकांनी त्याच्या पाठीत असा गुद्दा घातला की त्याचा ढेकर ताथवड्यापर्यंत ऐकू गेला. आणि राव, तो माणूस खरंच बरा झाला! त्या दिवसापासून मालकांना आवरणं कुणाच्या हातात राहिलं नाही.

आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. अंगाने काडी, पण आवाज असा की त्यांनी गेटवरून हाक मारली तर हायवेवरचे ट्रक बाजूला घेतले जायचे. अंगात पांढरा शर्ट, पायजमा, डोक्यावर टोपी आणि खिशात सुतळीचा गुंडा. देवाने माणसाला हात दिले ते सुतळी बांधायला, अशी त्यांची श्रद्धा होती. गेटची कडी सुतळीने, पाण्याच्या टाकीचं झाकण सुतळीने, स्कूटरचा आरसा सुतळीने. बिल्डिंगचे चार मजलेसुद्धा सिमेंटने उभे आहेत की आत कुठे सुतळी आहे, याची मला शेवटपर्यंत खात्री नव्हती.

बिल्डिंग उभी होती तिथे पूर्वी आबांचं वावर होतं. आजूबाजूच्यांनी जमिनी बिल्डरांना दिल्या आणि गाड्या घेतल्या. आबांनी मात्र आपल्या वावरात स्वतःच चार मजले पेरले. ‘पेरले’ हा शब्द त्यांचाच. पण वावर त्यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं. जिन्याच्या डाव्या हाताला पूर्वी हरभरा असायचा, म्हणून डावीकडचे आम्ही सगळे भाडेकरू हरभऱ्यातले. उजवीकडचे कांद्यातले. मी चौथ्या मजल्यावर डावीकडे राहायचो, म्हणजे वरच्या हरभऱ्यात. पार्सलवाला पोरगा खालून फोन करायचा, “सर, तुम्ही हरभऱ्यातले का? खाली एक आजोबा विचारतायत.”

आणि लिफ्ट होती तिथे विहीर होती. म्हणून लिफ्टमध्ये पाऊल टाकण्याआधी आबा चपला काढून हातात घ्यायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी विचारलं, “आबा, हे काय?”

“हिच्या पाण्यावर तीन पिढ्या वाढल्यात, बाबा. तिच्या छाताडावर पायताण घालून उभा राहू व्हय?”

मीही बूट काढले. दोन मजले होईपर्यंत माझ्या मोज्यांचा वास आबांनी सहन केला, मग म्हणाले, “तू घालून जात जा. तुझा काय संबंध?”

त्यांच्या उमेदीच्या काळात पवनेवर मोटार होती आणि तिथून वावरांपर्यंत पाइपलाइन. पाणी कुणाच्या शिवारात कधी आणि किती दाबाने सोडायचं, हे आबा ठरवायचे. पाणी येईनासं झालं की नदीपासून पाइपाला कान लावत लावत यायचे आणि एका जागी थांबून म्हणायचे, “हितं खणा.” खणलं की तिथेच फुटलेलं असायचं. निदान आबा तरी तसं सांगायचे, आणि साक्षीला असलेली माणसं एकतर वारली होती किंवा आबांची भाडेकरू होती.

आता माझं सांगतो. मी परभणीचा. चाकणला ब्रेकचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला होतो. नोकरी चाकणला आणि खोली पुनावळ्यात, ही उलटी वरात कशाला, असं सगळे विचारायचे. कारण एकच. लग्न. मुलीकडच्यांना ‘चाकणला राहतो’ सांगितलं की त्यांच्या डोळ्यांपुढे कंटेनरची रांग उभी राहते. ‘हिंजवडीच्या शेजारी राहतो’ सांगितलं की चहाबरोबर बिस्किटं येतात. त्या बिस्किटांसाठी मी रोज पहाटे कंपनीची बस पकडून अर्धा महाराष्ट्र ओलांडत होतो.

तरी लग्न जमेना. एवढे नकार आले होते की नकार देणारी माणसंसुद्धा आता जरा लाजत द्यायची. मग हिंगोलीचं एक स्थळ आलं. मुलगी शाळेत गणित शिकवायची. आमच्या अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, फोनवर सांगितलं, “हे बघ, आता आमच्या ओळखीत मुली संपल्यात. हे गेलं तर मी पुन्हा कुणाच्या दारात जाणार नाही. रविवारी चार वाजता व्हिडिओवर बघायचा कार्यक्रम आहे. ते लोक घर दाखवा म्हणायलेत.”

“घर? भाड्याचं घर काय दाखवू?”

“दाखव की. मी बायोडाटात लिहिलंय, पुण्यात प्रशस्त फ्लॅट.”

“अण्णा! फ्लॅट माझा आहे कुठं?”

“मग तुझा आहे असं मी लिहिलं का? फ्लॅट आहे, एवढंच लिहिलं. ते काय खोटं आहे का?”

मुलीचे वडील साधे होते, पण तिचा मामा म्हणे भलताच चौकस. त्याने आधीची दोन मुलं फोनवरच झोपवली होती. शिवाय मोबाइलच्या रेंजचा आमच्याकडे आनंद. चारमजली बिल्डिंगच्या तिन्ही बाजूंना पंचवीस-पंचवीस मजल्यांचे टॉवर, म्हणजे आम्ही सगळे विहिरीच्या तळाशी. गच्चीवर टाकीपाशी एका पायावर उभं राहिलं तर कसाबसा साधा फोन लागायचा. व्हिडिओ म्हटला की घरचं वायफाय हवंच.

रविवारी सकाळी दूध आणायला निघालो, तर आबा लिफ्टमधून बाहेर येत होते. गच्चीवरून आले असावेत. चपला हातात, सुतळीचं टोक खिशातून लोंबतंय. मी आपलं सहज सांगितलं होतं त्यांना कार्यक्रमाचं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, एक डोळा मिटला आणि कानात म्हणाले (आबांचं कानात म्हणजे पूर्ण जिन्यात), “आज तुला कमी पडायचं न्हाई. काळजी करू नगंस.”

मला वाटलं आशीर्वाद आहे. पाया पडलो.

दुपारी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला, पलंगावरचा कपड्यांचा डोंगर बाथरूममध्ये हलवला, खुर्चीवर लोणच्याची बरणी ठेवून तिला मोबाइल टेकवला. सगळं झाल्यावर राउटरकडे पाहिलं, तर लाल दिवा. नुसता लाल नाही. डोळे मिचकावणारा लाल.

राउटर बंद केला, चालू केला. लाल. मागची वायर काढून फुंकर मारली, परत घातली. लाल. राउटरला नमस्कार केला. लाल. तेवढ्यात दारात आबा.

“काय झालं रं?”

“आबा, नेट गेलंय.”

“जाईल कसं?” आबा असे दचकले की जणू मी त्यांच्यावरच चोरीचा आळ घेतला. “आज तर जायाच न्हाई पायजे.” ते आत आले आणि त्यांनी राउटरला कान लावला. डोळे मिटले. मी श्वास धरून उभा. “हवा धरलीय.”

मी कस्टमर केअरला लावायला गच्चीवर धावलो. आबा मागोमाग. टाकीपाशी एका पायावर उभा राहून मी पंधरा बटणं दाबली, आणि शेवटी एक गोड आवाजाची बाई आली. “सर, आप राउटर को एक बार बंद करके चालू कीजिए.” आबांनी फोन माझ्या हातातून काढून घेतला.

“तुम कहां बैठी है, बाई?”

“सर, मैं इंदौर से बात कर रही हूं.”

“इंदौर में बैठ के तुमको पुनावळे की वायर कैसी दिखेगी? हम इधर खडे हैं, हमको नहीं दिख रही!”

“सर, आपकी कंप्लेंट दर्ज कर ली है. अडतालीस घंटे में...”

“अडतालीस घंटे में पोरगी दुसऱ्याची हो जाएगी!” आबा गरजले आणि फोन कट केला. मग मी आमच्या भागातल्या नेटवाल्याला लावला. तो हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये होता. म्हणाला, “भाऊ, वीस मिनिटात आलो.” हिंजवडीतून वीस मिनिटात फक्त बातमी बाहेर पडू शकते, माणूस नाही.

“नेटवाला काय करतोय?” आबांनी बाह्या सरसावल्या. “वायर म्हंजी काय? बारकी पाइपलाइनच की. मुळापासनं बघत यायचं. चल.”

आता मुळापासून म्हणजे रस्त्यावरच्या खांबापासून. आम्ही चार मजले उतरलो. विहिरीत, म्हणजे लिफ्टमध्ये, आबांनी चपला हातात घेतल्या, बाहेर पडल्यावर घातल्या. खांबाला कान लावला. “हितवर हाय.” गेटवर वायरला कान लावला. “हितंबी हाय. जोरात हाय.” भिंतीवरून वायर वर जात होती, म्हणून जिन्याने निघालो. प्रत्येक मजल्यावर दार उघडून कुणीतरी बाहेर येत होतं. कांद्यातली एक काकू म्हणाली, “आबा, सकाळपासून नेट नाही. माझी मालिका राहिली.”

“गपा, वैनी. आज हरभऱ्याचं निकडीचं हाय.”

दुसऱ्या मजल्यावरच्या कंपनीवाल्याने डोकं बाहेर काढलं. “आबा, आमचंबी गेलंय.”

“जाऊ दे. तुला कुठं लग्न करायचंय? तुझं झालंय.”

मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पूर्ण बिल्डिंगचं नेट गेलेलं, आणि आबांना त्याचं तिळभर आश्चर्य नाही! पण घड्याळात चार वाजायला आलेले, माणसाचं डोकं चालतं कुठे?

गच्चीवर जिन्याच्या खोलीच्या कडेला नेटच्या कंपनीची डबी होती. तिच्यातून सगळ्या खोल्यांच्या वायरी निघून खाली जायच्या. मघाशी टाकीपाशी होतो, तेव्हा ही बाजू दिसली नव्हती. आता वळून पाहिलं आणि जागच्या जागी बसलो.

डबीतून निघालेली प्रत्येक वायर मधोमध कडक दुमडून सुतळीने आवळलेली. ओळीने. बाजारात मेथीच्या जुड्या मांडाव्यात तशा. फक्त एक वायर मोकळी.

“आबा, हे कुणी केलं?”

“मी.” छाती पुढे. “आमी ठिबकची नळी अशीच बंद करतो. दुमडायची आन् सुतळीनं आवळायची, थेंब गळत न्हाई. म्हटलं, आज सगळ्यांच्या नळ्या बंद करू. समदा दाब तुझ्या एकट्याच्या हरभऱ्यात! एक तुझी तेवढी मोकळी ठेवलीय, बघ.”

मी त्या मोकळ्या वायरीचा माग काढला. ती भिंतीवरून उजवीकडे गेली. कांद्यात. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या माणसाकडे, जो रात्रपाळी करून आल्यावर दिवसभर असा झोपायचा की भूकंप झाला तरी कूस बदलायचा नाही. म्हणजे सबंध बिल्डिंगचं इंटरनेट त्या वेळी त्या झोपलेल्या माणसाच्या उशाशी पूर्ण दाबाने पोचत होतं.

“आबा, ही वायर आहे! काचेचा धागा असतो आत! दुमडली की मेली!”

“पर घावलं का न्हाई कारण?” आबा शांतपणे म्हणाले. “मीच बांधल्या व्हत्या म्हणून घावलं. दुसऱ्या कुणी बांधल्या असत्या तर घावलं असतं का?”

भांडायला वेळ नव्हता. सुतळी कापली, माझी वायर सरळ केली आणि खाली धावलो. दिवा हिरवा! टाळी वाजवणार तोच लाल. परत वर. वायरला जिथे घडी पडली होती तिथे ती पुन्हा आपोआप वाकत होती. आबांनी ती दोन्ही हातांत धरून ताणली. खाली हिरवा. सोडली की लाल. आता काय करायचं ते आम्हा दोघांनाही कळलं.

“जा,” आबा म्हणाले. “मी धरतो.”

“आबा, ऊन आहे. किती वेळ धराल?”

“जा म्हन्तो ना! नदीवर रातच्या रात पाइप धरलाय मी.”

मी खाली येऊन बरणीसमोर बसलो आणि घंटी वाजली. एका चौकटीत आमचे अण्णा, त्यांचं फक्त कपाळ दिसत होतं. दुसऱ्या चौकटीत मुलीकडचे: मधे वडील, कडेला मुलगी आणि पूर्ण पडदा व्यापून मामा. मुलगी खाली बघत होती, पण चेहरा हसरा. मला आवडली, हे सांगायला नको.

वरून आवाज आला, “आली का रंऽऽ?”

“कोण ओरडायलंय?” मामा म्हणाला.

“शेजारी,” मी म्हणालो.

मग सुरू झालं. शिक्षण काय, शिफ्ट कुठली, कंपनी पर्मनंट करणार का, दारू घेता का, तंबाखू, मावा, चहा किती. स्वयंपाकघराची खिडकी गच्चीखालीच होती, त्यामुळे आबांना मामाचा शब्द न् शब्द ऐकू जात होता, आणि आबांचे शब्द आम्हा सगळ्यांना. “चहा कितींदा पेता” विचारल्यावर वरून ऐकू आलं, “तुमी पाजणार का?” मुलीने पदर तोंडाला लावला. एकदा आबांना शिंक आली, तेव्हा चित्र अडकलं आणि अण्णांचं कपाळ पडद्यावर टोलनाक्यासारखं उभं राहिलं. मग पुन्हा चालू.

आणि मामाने चष्मा वर केला. “एक स्पष्ट विचारतो, राग मानू नका. हा फ्लॅट तुमच्या स्वतःच्या नावावर आहे का?”

अण्णांचं कपाळ घामाने चमकलं. मी तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी हिंगोली गेली. मामा जागच्या जागी गोठला, मग त्यांची चौकट काळी.

“आबा! नीट धरा!”

“धरलीय की घट्ट! हल्लोबी न्हाई!”

मला राउटरकडे बघायचंही भान उरलं नव्हतं. खिडकीतून डोकं बाहेर काढलं. वरून आबांचा आवाज आला, या वेळी खरोखर हळू, म्हणजे फक्त आमच्या मजल्यापुरता. “ऐकलं मी. सांग तुझ्या नावावर हाय म्हणून.”

“आबा, काहीतरीच काय!”

“सांग म्हन्तो ना! लग्नाला आल्यावर इचारलं तर मी भाडेकरू म्हणून उभा राहतो. मला काय, म्हाताऱ्याला काय फरक पडतोय? तेवढा म्हैनाभर वागंन भाडेकरूवानी. तू वराडत जा माझ्यावर.”

मंडळी, माणसं भाडेकरूला खिळासुद्धा ठोकू देत नाहीत. इथे एक मालक उन्हात वायर धरून उभा होता आणि वर आपली बिल्डिंग देऊ करत होता. घशात काय अडकलं ते माहीत नाही. हवाच असावी.

हिंगोली परत आली. मामा म्हणाला, “हां, मी विचारत होतो...”

“भाड्याचा आहे,” मी म्हणालो. अण्णांचं कपाळ चौकटीतून निघून गेलं. “मालक वर गच्चीवर आहेत. तुमच्याशी बोलता यावं म्हणून वायर हातात धरून उभे आहेत.”

“काय थापा मारता?” मामा खेकसला. “मालक वायर धरील? दाखवा बरं!”

मी मोबाइल उचलला आणि जिन्याने वर गेलो. वायफाय गच्चीच्या दारापर्यंत पोचायचं. दारातून हात लांब करून मोबाइल कडेला वळवला. समोर आबा. टोपी घामाने काळी, दोन्ही हात छातीसमोर, मधे वायर ताणलेली, धनुष्य घेतल्यासारखे. त्यांनी मान लववली.

“राम राम, पाव्हणं! हात जोडता येत न्हाईत, माफ करा. हात सोडला तर तुमीच जाता!”

मग मुलगी हसली. अशी तशी नाही, खो खो. तिचे वडील हसले. मामाने हसू दाबायचा प्रयत्न केला आणि त्याला ठसका लागला.

“हवा धरलीय त्यांना,” आबा म्हणाले. “पाठीत गुद्दा घाला.”

वडिलांनी मेव्हण्याच्या पाठीत गुद्दा घातला. मला वाटतं, बऱ्याच वर्षांपासून त्यांना तो घालायचाच होता. मग ते मोबाइलच्या जवळ येऊन म्हणाले, “मालकासाठी भाडेकरू उन्हात उभा राहिलेला मी बघितलाय. हे पहिल्यांदाच बघायलो. पोरगा बरा असणार. पुढचं बोलू.”

लग्नाला आबा हिंगोलीला आले. मांडवाचा एक खांब डुगडुगत होता, तो त्यांनी सुतळीने बांधला. अक्षता पडेपर्यंत तिथून हलले नाहीत.

आता आम्ही पिंपळे सौदागरला राहतो. कर्ज काढून का होईना, फ्लॅट नावावर आहे. मामाला त्याचे फोटो सगळ्या कोनांतून पाठवलेत. आबा मधूनमधून हरभऱ्याची जुडी घेऊन येतात आणि आमच्याकडे कुणी पाहुणा असला की ती गोष्ट सांगतात. दर वेळी तिच्यात भर पडते. हल्ली आबा पाऊस, वीज आणि माकडांच्या टोळीत उभे असतात. पण शेवट ठरलेला. “मामानं फ्लॅटचं इचारलं, मी म्हटलं पोरगं अडकलं. मग मी काय केलं? वायर हळूच वाकवली! मामा गायब! पोराला इचार कराया टाइम दिला.”

“खरंच, आबा,” माझी बायको दर वेळी म्हणते. “तुम्ही नसता तर काय झालं असतं?”

मागच्या रविवारी आबा असंच सांगून उठले. ते दाराबाहेर पडले आणि बायको सोफ्यावर बसून हसायला लागली. थांबेचना.

“काय झालं?”

“अहो, आबांनी कुठली वायर वाकवली? मामा कुणाला पिडायला लागला की मी पायाने आमच्या राउटरचा प्लग ओढायची. मामा सोडून घरात सगळ्यांना माहीत होतं. म्हटलं, द्यावा याला जरा वेळ. बघू, काय थाप शिजवून आणतोय.”

मी तसाच बाहेर पळालो. आबांना हे सांगायलाच हवं होतं. एवढी वर्षं फुशारकी मारतायत! लिफ्टचं दार बंद होत होतं, मी हात घालून थांबवलं.

आत आबा उभे होते. अनवाणी. चपला हातात.

“आबा, इथं कशाला? ही तर तुमची विहीर नव्हे.”

“कुणाची तरी असंलच की हितं,” आबा म्हणाले. “तू काय सांगाय आलास?”

“काही नाही,” मी म्हणालो. “सावकाश जावा.”